मोठी गाडी घेताना : भरवसा आधी की नवलाई?



गेली तीस वर्षे मी तुमच्याशी बियाणे, खते, ठिबक आणि फवारणी यांविषयी बोलत आलो. आज मोटारगाडीविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, कृषी खात्यातल्या माणसाला मोटारीतले काय कळते? इंजिन उघडून जोडता येत नाही, हे मी आधीच सांगतो. परंतु नवी वस्तू शिवारात आली की ती घ्यावी की थांबावे, घ्यायची तर कशी पारखून घ्यावी, हे सांगण्यातच माझी नोकरी गेली. गाडीलाही तीच पारख लागते.

हा विषय आज काढण्याचे कारण तुमच्याच अंगणात उभे आहे. पूर्वी गावात शिरताना कोणाच्या दावणीला खिल्लारी जोडी आहे ते नजरेत भरे. आता कोणाच्या ओट्यापुढे मोठी गाडी उभी आहे ते भरते. द्राक्षाचे दोन हंगाम साधले, कांद्याला भाव लागला, नाहीतर महामार्गात जमीन गेली, की घरातली तरुण मंडळी ‘एसयूव्ही’चे नाव काढतात. तीस-चाळीस लाखांपासून कोटीच्या पुढे या गाड्यांच्या किमती जातात. एवढ्या पैशात विहीर, पाइपलाइन, शेततळे आणि पोरीचे शिक्षण सगळे बसते. म्हणून ही खरेदी बैलाचे दात न पाहता करू नये.

आधी या गाड्यांचे मूळ पाहू. गंमत अशी की यांतली एक सर्वांत दिमाखदार जात शेतातूनच निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडच्या रोव्हर कंपनीतले मॉरिस विल्क्स आपल्या वेल्समधल्या शेतावर युद्धातून उरलेली जीप वापरत. तिच्यावरून त्यांना कल्पना सुचली आणि १९४८ साली लँड रोव्हर आली. पोलादाची टंचाई होती म्हणून तिचा सांगाडा झाकणारे पत्रे अल्युमिनियमचे होते. ट्रॅक्टरला असते तशी पीटीओची सोय तिला मिळे; म्हणजे उभ्या गाडीवर यंत्र चालवता येई. पुढे १९७० साली त्याच घराण्यात रेंज रोव्हर आली. तिच्या आतली बैठक आणि तळ चिखल लागला तर पाण्याने धुऊन काढता येईल असा होता. आज त्याच नावाच्या गाडीत कातड्याच्या खुर्च्या, हवेच्या फुग्यांवरची स्प्रिंग आणि टीव्हीसारखे पडदे असतात. २००८ साली हा कारखाना आपल्या टाटांनी विकत घेतला आणि २०२४ पासून ती गाडी पुण्यात जोडली जाऊ लागली.

जपानच्या टोयोटाचीही अशीच एक गाडी आहे, लँड क्रूझर. तिचा पहिला अवतार १९५१ चा. तिच्यातली ‘७० सिरीज’ नावाची एक जात १९८४ साली निघाली आणि चाळीस वर्षे उलटली तरी ऑस्ट्रेलियाच्या माळरानांसाठी आणि आफ्रिकेच्या कच्च्या वाटांसाठी ती अजून बनते. दिसायला डब्यासारखी, आत चैन बेताचीच. पण जिथे शंभर-शंभर मैलांत गॅरेज नाही तिथे लोक तीच मागतात. आपल्या मालदांडी ज्वारीसारखे हे आहे. स्वातंत्र्याच्या आधी मोहोळला निवडलेले ते वाण. त्यानंतर कितीतरी वाणे आली, तरी कोरडवाहू रब्बीत आणि भाकरीच्या चवीत मालदांडीचे नाव अजून निघते.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो, म्हणजे प्रश्न कुठे अडतो ते कळेल.

माझी धाकटी बहीण वैजापूर तालुक्यात दिली आहे. समृद्धी महामार्गात त्यांची काही जमीन गेली. आलेल्या पैशातून कर्ज फेडले, पाइपलाइन केली आणि राहिलेली रक्कम बँकेत ठेवली. पुढे दाजींची किडनी बिघडली. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी छत्रपती संभाजीनगरला न्यावे लागते. जाताना बरे असतात, येताना मान टाकतात. भाड्याच्या गाडीवर किती दिवस काढायचे, म्हणून गाडी घ्यायचे ठरले. भाच्याने पुण्याला एक विलायती गाडी पाहिली. पाच वर्षे वापरलेली, पण किंमत नव्या देशी बांधणीच्या मोठ्या गाडीएवढीच. हवेची स्प्रिंग, बारा बाजूंनी हलणारी खुर्ची, चहूबाजूंना कॅमेरे. तो म्हणाला, “मामा, कोटीची गाडी एवढ्या पैशात मिळतेय. बाबांना झोपून आणता येईल.”

बहिणीने मला फोन केला. तिचा प्रश्न एकच होता. “दादा, रात्री दोन वाजता यांना त्रास झाला आणि चावी फिरवली, तर ही गाडी चालू होईल का? एवढंच सांग.”

मी म्हणालो, आधी आपण चौकशी करू. भाच्याला ते रुचले नाही. त्याने मला जे विचारले ते तुम्हालाही सांगण्यासारखे आहे. “मामा, तुम्हीच आम्हाला ठिबक घ्यायला लावलं, नवं वाण लावायला लावलं. आजोबा नको म्हणत होते तेव्हा तुम्ही त्यांच्याशी वाद घातला. मग गाडीच्याच बाबतीत तुम्ही जुन्याची बाजू कशी घेता?”

प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर मी त्याला दिले तेच इथे देतो.

नवे म्हणजे वाईट असे मी कधी म्हटले नाही. पण विद्यापीठ नवे वाण काढते तेव्हा ते सरळ तुमच्या हातात देत नाही. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या पावसात, काही हंगाम त्याची चाचणी होते. मगच शिफारस येते. दोष नवेपणात नसतो, कच्चेपणात असतो. मोटारीतही तसेच आहे. पेट्रोल इंजिनाला बिजलीच्या मोटारीची जोड दिलेली हायब्रिड गाडी १९९७ साली जपानमध्ये विक्रीला आली, तेव्हा लोक तिला नाके मुरडत. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या मासिकाने २०२३ च्या शेवटी आपल्या वाचकांच्या गाड्यांचा हिशेब छापला. त्यात हायब्रिड गाड्यांच्या तक्रारी साध्या पेट्रोल गाड्यांपेक्षा सुमारे २६ टक्क्यांनी कमी निघाल्या. पंचवीस वर्षांत ते तंत्र पिकले. आणि त्याच हिशेबात बाहेरून चार्ज करायच्या हायब्रिड गाड्यांच्या तक्रारी साध्या गाड्यांच्या जवळजवळ अडीचपट होत्या. एकाच झाडाच्या दोन फांद्या. एक पिकलेली, एक हिरवी.

नाव मोठे म्हणून पहिल्या हंगामाचा माल निर्धोक असतो, असेही नाही. भरवशासाठी जगभर नाव असलेल्या त्याच टोयोटाने जुने आठ सिलिंडरचे इंजिन काढून नवे सहा सिलिंडरचे, दोन टर्बोचे पेट्रोल इंजिन आणले. २०२४ साली अमेरिकेत त्या इंजिनाच्या सुमारे १ लाख २ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कारण काय, तर कारखान्यात घडणावळीच्या वेळचा धातूचा चुरा इंजिनात राहिला होता. तेव्हा नव्या इंजिनाची गाडी पहिल्याच वर्षी घेण्याची घाई कोणत्याही घराण्याची असली तरी करू नये. दोन-तीन पावसाळे जाऊ द्यावेत.

यानंतर आम्ही तालुक्याच्या मिस्तरीकडे गेलो. हा माणूस माझ्या ओळखीचा. ट्रॅक्टरपासून जीपपर्यंत सगळे उघडलेला. त्याने विलायती गाडीचे नाव ऐकले आणि पान्हा खाली ठेवून म्हणाला, “साहेब, जुनी गाडी रडली तर कुठं दुखतंय ते मला आवाजावरून कळतं. हिची भाषाच मला येत नाही. हिला कंपनीचा कॉम्प्युटर लावल्याशिवाय बोलत नाही ती.” तो कॉम्प्युटर कुठे आहे ते आम्ही विचारले. मोठ्या शहरात. आणि हवेच्या स्प्रिंगचा फुगा फुटला तर? भाग मागवावा लागेल, आठ दिवस की पंधरा, सांगता येत नाही. डायलिसिस मात्र आठवड्यात दोनदा आहे.

इथे थोडे यंत्राचे सांगतो, कारण हे तुमच्या ट्रॅक्टरलाही लागू आहे. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे गाड्यांना बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम लागू झाला. हवा स्वच्छ राहावी हा हेतू चांगला आहे. त्यासाठी डिझेलमधले गंधक दहा लाखांत ५० भागांवरून १० भागांवर आणले. पण त्याबरोबर गाडीच्या पोटात काही नाजूक अवयव आले. एक म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी, डीपीएफ. ती भरली की गाडी काजळी आतल्या आत जाळून टाकते. पण त्यासाठी मोठ्या रस्त्यावर काही वेळ सलग पळावे लागते. घर ते मळा, मळा ते सोसायटी, एवढेच फिरणाऱ्या गाडीची जाळी तुंबते आणि दिवा लागतो. दुसरा अवयव म्हणजे इंजेक्टर. आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल प्रचंड दाबाने, अतिशय बारीक छिद्रांतून फवारले जाते. फवारणी पंपाचा नोझल कचऱ्याने कसा तुंबतो ते तुम्ही जाणता. पिंपात साठवलेले, पाणी उतरलेले, कॅनमधून ओतलेले डिझेल जुने पंप-इंजिन पचवत असे. हे पचवत नाही.

तिसरी गोष्ट युरियाची. होय, युरियाचीच! पुष्कळ मोठ्या डिझेल गाड्यांत धूर धुण्यासाठी निराळ्या टाकीत डीईएफ नावाचे द्रावण घालावे लागते. ते म्हणजे शुद्ध पाण्यातला ३२.५ टक्के युरिया. हे ऐकून एका तरुणाने मला विचारले होते, “साहेब, गोणीतला युरिया विरघळवून टाकला तर?” बाबांनो, असे मुळीच करू नका. २०१५ पासून खताच्या युरियाला निंबोळी तेलाचे आवरण असते. ते आणि इतर गाळ त्या यंत्रणेची कायमची नासाडी करतात. शिवाय शेतीसाठी सवलतीत दिलेला युरिया दुसऱ्या कामाला वापरणे गुन्हा आहे. डीईएफ संपले तर काही गाड्या पुन्हा सुरूच होत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मी तुमच्याशी अर्धेच बोललो असे होईल.

भाचा मिस्तरीच्या दारात उभा राहून म्हणाला, “मामा, गाडी बंद पडली तर दुसरी मागवता येईल. पण रात्री उसाची ट्रॉली रस्त्यात उभी असते, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. ती दिसली नाही तर काय मागवायचं?” मी गप्प झालो. कारण पोराचे बरोबर होते. नव्या तंत्रातले सगळेच काही चैनीचे नसते. तीन जागी बांधायचा सीटचा पट्टा १९५९ साली स्वीडनच्या व्होल्व्हो गाडीत आला. तेव्हा तो नवाच होता. ब्रेक दाबल्यावर चाक घसरू न देणारी एबीएस यंत्रणा १९७८ साली जर्मनीच्या महागड्या मर्सिडीज गाडीत घेता येऊ लागली. २०१९ पासून आपल्याकडे ती साध्या गाडीलाही सक्तीची झाली. श्रीमंताच्या गाडीत आधी आलेले तंत्र पुढे गरिबाचा जीव वाचवते. तेव्हा ‘जुने ते सोने’ एवढे म्हणून भागत नाही.

म्हणून आम्ही कागदावर दोन रकाने केले. एकात जीव राखणारे तंत्र लिहिले : सहा एअरबॅगा, एबीएस, वळणावर गाडी सावरणारी ईएससी, चांगले दिवे, अपघात-चाचणीतले तारे. आपल्या देशात ‘भारत एनकॅप’ नावाची ही चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. दुसऱ्या रकान्यात सुख देणारे आणि मिरवणारे तंत्र : हवेची स्प्रिंग, उघडणारे छप्पर, मोठे पडदे, आपोआप उघडणारे दार, रंगीत दिवे. मधे एक गोष्ट अशी राहिली की ती कुठे लिहावी ते कळेना. पुढे अडथळा आला की आपण होऊन ब्रेक लावणारी यंत्रणा. ती जीव राखणारी आहे खरी. पण तिचा कॅमेरा स्वच्छ काच मागतो. आपल्याकडे काचेवर धूळ असते. ती आम्ही पहिल्या रकान्यात लिहिली, पण खाली. मिळाली तर घ्यावी. तिच्या भरवशावर डोळे मिटू नयेत.

मग दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक वस्तूपुढे तीन प्रश्न लिहिले. ही वस्तू बिघडली तर गाडी घरी येते की रस्त्यात बसते? दुरुस्त कोण करतो आणि तो किती कोसांवर आहे? आणि हिने आतापर्यंत किती पावसाळे पाहिले? पडदा बिघडला तरी गाडी चालते, चालेल. छप्पर गळले तर घोंगडी आहे. पण हवेची स्प्रिंग बसली तर गाडी जमिनीला टेकते. ती खोडली. पाच वर्षे वापरलेल्या गाडीवरची कंपनीची हमीही संपलेली होती. स्वस्त मिळणारी जुनी महाग गाडी विकत घेताना स्वस्त असते, पण तिचे सुटे भाग कोटीच्या गाडीच्या भावानेच येतात. हा हिशेब मांडल्यावर भाच्याने आपल्या हाताने त्या गाडीवर रेघ मारली.

शेवटी जी घेतली ती नवी, जुन्या वळणाची. ट्रकसारख्या मजबूत चौकटीवर बांधलेली, काही वर्षे रस्त्यावर सिद्ध झालेल्या डिझेल इंजिनाची, सहा एअरबॅगा आणि ईएससी असलेली. कंपनीचे वर्कशॉप संभाजीनगरलाच, दवाखान्याच्या वाटेवर. विलायती गाडीच्या दुरुस्तीसाठी जे पैसे हाताशी ठेवावे लागले असते ते दाजींच्या औषधासाठी मुदतीच्या ठेवीत ठेवले.

यात काही गमावले नाही असे मी म्हणणार नाही. अशा चौकटीची गाडी खड्ड्यात हिसके देते. डायलिसिस करून परतताना दाजींना ते सोसत नाहीत. बहिणीने मागच्या सीटवर जाड गादी आणि लोड ठेवला आहे, आणि भाचा वैजापूरच्या अलीकडे वेग निम्म्यावर आणतो. हवेच्या स्प्रिंगवर तो माणूस शांत झोपून आला असता, हे मला माहीत आहे. भाचाही ते मधूनमधून बोलून दाखवतो. पण दोन वेळा अपरात्री निघावे लागले, आणि दोन्ही वेळा गाडी पहिल्या चावीला निघाली. बहिणीने मला त्याविषयी फोन केला नाही. गाडी निघाली तर सांगायचे काय?

बंधूंनो, तुमच्या घरची गरज वेगळी असेल. कोणाच्या घरी आजारी माणूस नाही, गाडी महिन्यातून चारदा पुण्या-मुंबईला जाते, मुलगा शहरात आहे, वर्कशॉप दारात आहे. त्याने नवलाई जरूर घ्यावी. भरवसा ही काही गाडीच्या अंगात एकटी असणारी गोष्ट नाही. गाडी, रस्ता, डिझेल, मिस्तरी आणि आपली नड या पाचांची ती मोळी आहे. यातले एक निसटले की मोळी सुटते. ट्रॅक्टरचेही असेच. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले आणि त्यांतही ही नाजूक यंत्रणा आली. तुमच्या कामाला ४५ अश्वशक्ती पुरत असेल तर शेजाऱ्याने ५५ चा घेतला म्हणून तुम्ही घेऊ नका. करातही फरक पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवर जीएसटी ५ टक्के आहे आणि मोठ्या मोटारीवर ४० टक्के.

गाडी ठरलीच, तर एवढे करा. बुकिंगच्या आधी वर्कशॉपला जाऊन तिथे दुरुस्तीला उभ्या असलेल्या गाड्यांचे मालक गाठा. शोरूममधला पोरगा जे सांगत नाही ते ते सांगतील. वाढीव हमी कागदावर घ्या. विम्यात इंजिनाच्या संरक्षणाची पुरवणी घ्या, आणि पुराच्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका. डिझेल चालत्या पंपावरचे भरा, पिंपातले नको. गाडी धान्याच्या कोठीशेजारी लावू नका. उंदराला वायरी फार आवडतात, आणि गाडी जेवढी महाग तेवढ्या तिच्यात वायरी जास्त.

आणि खरेदीला जाताना घरातल्या बाईला बरोबर न्या. रात्री दोन वाजता चावी फिरली नाही तर काय होते, याचा विचार आधी तिच्याच मनात येतो.